बार्शी-भूम-परांडा येथील रोगनोंदीचें दप्तर

ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणारांची दृष्टि सहसा सनदा, महजर, वतनाचे निवाडे व जमाखर्चाच्या वह्या यांकडे वळते. आजारी माणसांच्या यादीकडे ती वळत नाहीं. आणि ती यादी मोडींत नसून छापील तक्त्यांत भरलेली व अगदीं अलीकडची असेल, तर मुळींच नाहीं. तथापि प्रस्तुत लेखांत अशाच एका यादीचा विचार करावयाचा आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी तालुका आणि धाराशिव जिल्ह्यांतील भूम व परांडा हे दोन तालुके, अशा तीन तालुक्यांतील ३४६ गांवांकरितां कर्करोगाच्या नोंदीचें एक दप्तर इ. स. १९८७ सालीं बार्शी येथें उघडण्यांत आलें. भारतांतील खेड्यापाड्यांपुरतें काढलेलें या प्रकारचें हें पहिलें दप्तर होय. ज्या मुलुखांत हा रोग विरळ, तेथेंच त्याची इतकी बारीक नोंद कां व्हावी, आणि त्या नोंदीचा पुढें कोणास काय उपयोग झाला, हे प्रश्न वैद्यकाचे दिसले तरी त्यांचीं उत्तरें बव्हंशीं दप्तराच्या शास्त्रांतच सांपडतात. म्हणून ते या पत्राच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम मुलुखाविषयीं. परांड्याचें नांव वाचकांस नवीन नाहीं. १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरानें मूर्तझा निजामशहाची गादी कांहीं काळ येथेंच मांडली होती, आणि विजापूरच्या बुरुजावर विसावलेली मुलूखमैदान तोफहि मूळची परांड्याच्या किल्ल्यांतली. पेशवाई बुडाल्यानंतर बार्शीचा भाग मुंबई इलाख्यांत राहिला व भूम-परांड्याचा भाग निजामाच्या राज्यांत. मध्यंतरीं १८५३ च्या तहान्वयें धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या हवालीं झाला होता. तेथें मेडोज टेलरनें कारभार केला, त्याच्या आत्मचरित्रामुळें तो काळ इंग्रजी वाचकांसहि ठाऊक झाला आहे. परंतु १८६० त तो मुलूख निजामास परत मिळाला, आणि पुढें जवळजवळ नव्वद वर्षें बार्शीच्या शिवेवर दोन राज्यें एकमेकांस भिडून होतीं. अलीकडे कल्दार रुपया, मराठी दप्तर व इंग्रजी साल. पलीकडे हाली शिक्का, उर्दू दप्तर व फसली साल. आणि मध्यें करोडगिरीचीं नाकीं. शिवाय हद्द सरळ नव्हती. एका राज्याचीं गांवें दुसऱ्याच्या पोटांत बेटांसारखीं पडलेलीं होतीं. तीं बेटें मोडण्याचा हुकूम निघाला तो १९५० च्या जानेवारींत, म्हणजे हैद्राबाद संस्थान भारतांत सामील झाल्यानंतर. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० त महाराष्ट्र झाला, १९८२ त उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि २०२३ त शहर व जिल्हा या दोहोंस धाराशिव हें जुनें नांव सरकारी रीतीनें परत मिळालें.

ही हद्द व्यापारानें कधीं मानली नाहीं. भूम-परांड्याची पेठ बार्शी ती बार्शीच राहिली. रोगानेंहि ती मानली नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेग उघडकीस आला, व १८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें सांथीचा कायदा केला. पण तो कायदा ब्रिटिश मुलुखापुरता, आणि उंदीर व उतारू हे दोन्ही मुलुखांतले. त्याच १८९७ सालीं बार्शीची अरुंद रुळाची आगगाडी सुरू झाली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ती गाडी १९०६ त पंढरपुरास, १९११ त निजामाच्या हद्दींतील लातुरास व १९२७ त मिरजेस पोंचली. मिरजेस डॉ. वान्लेस यांचें रुग्णालय १८९४ पासून होतें, आणि नंतर जवळच वान्लेसवाडी येथें क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधामहि निघालें. निजामाच्या लातुराहून निघालेला क्षयी इंग्रजांच्या बार्शीवरून पटवर्धनांच्या मिरजेस एकाच रुळानें जाऊं शकत होता. तीन राज्यांनीं बसून कांहीं ठरविलें असतें तर जें कदाचित् साधलें नसतें, तें अडीच फूट रुंदीच्या रुळानें साधलें. मात्र या जाण्यायेण्याचा हिशेब कोणत्याहि एका दप्तरांत एकत्र मांडला गेला नाहीं. रोगी हद्द ओलांडी, पण त्याचा कागद मागें राही.

१९८७ च्या दप्तराचें महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतें. रोगनोंदीची पद्धति आपल्याकडे मुंबईनें सुरू केली. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानें इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ त मुंबई शहराची कर्करोगनोंद काढली. पुढें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९८१-८२ त राष्ट्रीय नोंदणीचा कार्यक्रम हातीं घेतला व त्यांत मुंबईच्या जोडीस बंगलोर व मद्रास हीं शहरें आलीं. हीं सर्व शहरी दप्तरें. त्यांची रीत अशी कीं, शहरांतील रुग्णालयें, प्रयोगशाळा व मृत्युनोंदीचीं कचेऱ्या येथील कागद पाहून नांवें उतरून घ्यावयाचीं. ही रीत भूम-परांड्यास लावली असती तर वही कोरी राहिली असती. ज्या गांवांत कर्करोगाची परीक्षा करणारा वैद्यच नाहीं, तेथें रुग्णालयाच्या कागदांत कर्करोग कोठून सांपडणार? मनुष्य घरींच मरतो. मृत्यूच्या नोंदींत ‘म्हातारपण’, ‘ताप’, ‘पोटदुखी’ असें कांहीं तरी लिहिलें जातें. आणि हीं गांवें दोन वेगळ्या राज्यांच्या कारभारांत वाढलेलीं असल्यानें त्यांच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींचीहि घडण एकसारखी नाहीं. सर्व देशास एक असा जन्ममृत्युनोंदणीचा कायदा झाला तो १९६९ त. गांव नमुना नंबर चौदा, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची खरी किंमत किती हें २०२३ सालीं सर्वांस दिसलें. कुणबी नोंदींच्या शोधार्थ न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली गेली आणि मराठवाड्यांत मोडी व उर्दू वाचणारांस एकाएकीं मागणी आली. जीं बाडें वाळवीच्या स्वाधीन करण्यास कोणास खंत वाटत नव्हती, त्यांसाठीं तहसील कचेरींत रांगा लागल्या. असो.

इतिहाससंशोधनांत मौनाच्या पुराव्याचा वाद जुनाच आहे. एखाद्या गोष्टीचा उल्लेख कागदांत नाहीं, एवढ्यावरून ती घडलीच नाहीं असें म्हणतां येईल काय? आपण सर्व जाणतों कीं, सामान्यतः येत नाहीं. जेथें लिहिणारा हजर होता, त्यास ती गोष्ट कळण्याचा मार्ग होता, लिहिण्याचें कारण होतें, आणि तरीहि त्यानें लिहिलें नाहीं, तेथेंच मौनास पुराव्याची योग्यता येते. बार्शीच्या दप्तरानें नेमकी हीच अट पुरी केली. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचें टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यानें चाललेल्या या कामांत नोंदणीकार कागदाची वाट पाहत कचेरींत बसले नाहींत. ते ठराविक काळानें गांवोगांव गेले. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक, सुईण यांच्या भेटी घेतल्या, गांवकऱ्यांना जमवून रोगाचीं चिन्हें समजावून दिलीं: बरी न होणारी जखम, न दुखणारी गांठ, गिळतांना होणारा अडथळा, पाळी गेल्यावर पुन्हां दिसणारें रक्त. अशीं चिन्हें कोणांत आढळलीं तर त्यास समजूत घालून बार्शीस तपासणीला आणावयाचें, मृत्यूच्या नोंदी ताडून पाहावयाच्या, आणि मग वहींत नांव घालावयाचें. हें सारें तीन तालुक्यांत एकाच रीतीनें झालें. शिवेच्या दोन्ही बाजूंचीं गांवें रोगाच्या बाबतींत एका वहींत आलीं, तीं बहुधा प्रथमच.

या रीतीचा एक परिणाम असा झाला कीं, नोंद करावयास गेलेल्या माणसानें नोंदीचा विषयच थोडासा बदलला. चिन्हें समजल्यामुळें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत रुग्णालयांत येऊं लागल्या, व त्यांचें आयुर्मानहि सुधारलें. के. जयंत, डॉ. बी. एम्. नेने वगैरेंनीं १९९० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हें दाखविलें आहे. निष्ठुर शास्त्रज्ञ यास नोंदीचा दोष म्हणेल. आमच्या मतें दप्तराच्या इतिहासांत असा दोष फार थोड्या कारकुनांच्या पदरीं पडला आहे.

इतकें शोधूनहि संख्या थोडीच भरली. वयोमानाचा फरक काढून टाकल्यावर बार्शीकडील प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं येई. पुढें उस्मानाबाद व बीड या दोन जिल्ह्यांची मिळून एक स्वतंत्र नोंद सुरू झाली. राष्ट्रीय कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या वर्षांचा अहवाल २०२० सालीं निघाला. त्यांत देशांतील २८ नोंदणींमध्यें सर्वांत कमी प्रमाण याच दोन जिल्ह्यांचें आहे. दर लाखीं पुरुषांत ३९.५ व स्त्रियांत ४९.४. याच अहवालांत मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्याच्या पुरुषांचा आंकडा २६९.४ व अरुणाचलांतील पापुमपारेच्या स्त्रियांचा २१९.८ आहे. गांवोगांव शोध घेण्याचा हा प्रघात नसता तर धाराशिवच्या आंकड्यावर ‘नोंदलेंच नसेल’ असा शेरा मारून कोणीहि मोकळा झाला असता. बार्शीच्या वहीनें तो शेरा बऱ्याच अंशीं अशक्य करून ठेवला होता.

रोग विरळ असणें हें सुखाचें खरें. पण नियंत्रणाच्या दृष्टीनें त्यांत एक निराळीच अडचण असते. ज्या देशांत क्षय जवळजवळ नाहींसा झाला तेथील वैद्य क्षय ओळखावयास विसरतात, त्याच्या चांचण्या एकट्या प्रांतास परवडत नाहींत, आणि म्हणून अशा देशांस एकमेकांच्या याद्या व प्रयोगशाळा यांवर अवलंबून राहावें लागतें. जागतिक आरोग्य संघटनेनें दहा लाखांत शंभरांहून कमी नवे क्षयरोगी असलेल्या ३३ देश-प्रदेशांसाठीं २०१४ सालीं एक वेगळी योजनाच आंखून दिली. धाराशिवास क्षय विरळ नाहीं, ही गोष्ट निराळी. परंतु कर्करोगाच्या बाबतींत हा जिल्हा त्या देशांच्या रांगेंत बसतो, आणि त्याची अडचणहि तीच. एकट्या गांवास विरळ रोग दिसतच नाहीं. हें कसें, तें पुढील हकीकतीवरून स्पष्ट होईल.

स्त्रियांमध्यें बार्शीच्या वहींत सर्वांत वरचें स्थान गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचें होतें. हा रोग होण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्याचीं पूर्वचिन्हें त्या जागीं असतात, व तीं वेळींच काढून टाकतां येतात. प्रश्न एवढाच कीं, खेड्यांतील हजारों धडधाकट स्त्रियांतून तीं कोणत्या चांचणीनें शोधावीं. चांचण्या तीन. पहिली पॅप चांचणी, म्हणजे पेशी कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकानें पाहणें; तींत वाचणारा निष्णात लागतो. दुसरी, त्या जागीं पातळ ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणें, ही स्वस्त. तिसरी, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूचा शोध. ही त्या वेळीं महाग. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचें टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचें रुग्णालय या तिघांनीं १९९९ च्या ऑक्टोबरांत उस्मानाबाद जिल्ह्यांत या तिन्ही चांचण्यांची तुलना आरंभिली. खर्च अमेरिकेंतील गेट्स प्रतिष्ठानच्या देणगींतून आला.

रोग जास्त असलेला मुलूख सोडून हा जिल्हा कां निवडला, हें आतां सांगावयास नको. चांचणी कोठेंहि करतां येते. चांचणीनंतर आठ वर्षांनीं कोण मेली व कशानें मेली, हें सांगणारी माणसें व तशी संवय बार्शीकडेच होती.

४९७ गांवांचे ५२ गट पाडले. प्रत्येकीं १३ गट याप्रमाणें चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे चार वांटे केले. तीस ते एकुणसाठ वर्षें वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. तीन वांट्यांस एकेक चांचणी मिळाली. चौथ्या वांट्यास, म्हणजे ३१,४८८ स्त्रियांस, चांचणी दिली नाहीं. त्यांना रोगाची माहिती व तपासणी कोठें होते तें सांगून नेहमींच्या उपचारांवर ठेवलें. बोलाविलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ऐंशीच्या घरांत चांचणीस आल्या. ज्या जिल्ह्यांत या रोगाचें नांव उच्चारण्यासहि बायका संकोचत, तेथें ही संख्या लहान नव्हे. गांवोगांव फिरणाऱ्या बायांचें श्रेय तिच्यांत मोठें आहे आणि छापील निबंधांत तें एका ओळीहून अधिक नाहीं.

निकाल २००९ च्या एप्रिलांत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या पत्रांत आला. डॉ. आर्. शंकरनारायणन् हे पहिले लेखक. आठ वर्षांत चांचणी न मिळालेल्या वांट्यांत ११८ स्त्रियांस हा रोग निघाला. पैकीं पुढच्या अवस्थेंत गेलेल्या ८२ व मेलेल्या ६४. विषाणूच्या चांचणीच्या वांट्यांत स्त्रिया ३४,१२६; रोग निघाला १२७ जणींस, पण पुढच्या अवस्थेंत अवघ्या ३९ व मृत्यु ३४. पॅप चांचणीच्या वांट्यांत मृत्यु ५४ व डोळ्यांनीं पाहण्याच्या वांट्यांत ५६. म्हणजे विषाणूच्या एका चांचणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले, आणि बाकीच्या दोहोंनीं निश्चयानें म्हणण्याजोगा फरक पडला नाहीं. तमिळनाडूंतील दिंडिगल येथें डोळ्यांनीं पाहण्याच्या रीतीस यश आलें होतें, व पुढें मुंबईच्या वस्त्यांतहि आलें. म्हणून त्या रीतीविषयींचा वाद मिटला नाहीं. भारत सरकारनें २०१६ सालीं आंखलेल्या तपासणींत तीच रीत घेतली. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ च्या मार्गदर्शनांत विषाणूच्या चांचणीस पहिला मान दिला, आणि त्यामागील पुराव्यांत उस्मानाबादच्या या ४९७ गांवांचें वजन मोठें आहे.

आतां मघाचा मुद्दा. चौथ्या वांट्यांत ३१,४८८ स्त्रियांमागें ६४ मृत्यु, म्हणजे सुमारें पांचशें स्त्रियांमागें आठ वर्षांत एक. एका गांवांत या वयाच्या स्त्रिया सरासरीनें २६५. तेव्हां दोन गांवांत मिळून आठ वर्षांत साधारण एक मृत्यु पडला. कोणत्याहि पाटलास, कोणत्याहि सुईणीस, प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरासहि एवढ्यावरून काय दिसणार? एक बाई गेली, इतकेंच. ६४ व ३४ यांतील अंतर शेंकडों गांवें एका हिशेबांत ओढल्यावरच दिसूं लागतें. विरळ रोगास प्रादेशिक सहकार्य कां लागतें याचें याहून सोपें गणित आम्हांस माहीत नाहीं.

आणि याच गणिताची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. चौथा वांटा कां ठेवला, यावर पुढें कडक टीका झाली. भारतांत अशा रीतीनें चाललेल्या तिन्ही प्रयोगांवर ती आहे, एकट्या याच्यावर नाहीं. टीकाकार म्हणतात कीं, तपासणीनें हा रोग टळतो हें पाश्चात्य देशांत केव्हांच सिद्ध झालें होतें. मग हजारों स्त्रियांस तपासणीशिवाय ठेवून त्यांचे मृत्यु मोजणें योग्य कसें? प्रयोगकर्त्यांचें म्हणणें असें कीं, त्या काळीं या जिल्ह्यांत कोणासच तपासणी मिळत नव्हती. चौथ्या वांट्यास जें मिळालें तें सर्व जिल्ह्यास मिळत होतें, आणि तुलनेवांचून सरकारास कोणती चांचणी घ्यावी तें कळलें नसतें. दोन्ही पक्षांचें ऐकून आमचें मत असें झालें आहे कीं, प्रयोगकर्त्यांचें उत्तर १९९९ सालापुरतें खोटें नाहीं, पण पुरेसेंहि नाहीं. तीन चांचण्या एकमेकींशीं ताडूनहि पुष्कळ कळलें असतें. चौथ्या वांट्यानें जें जास्तीचें कळलें तें सरकारांस पटविण्याच्या कामीं आलें. ज्या सरकारास पटावें म्हणून हा आंकडा काढला, त्यानें २०१६ सालीं दुसरीच चांचणी पत्करली, हें वाचतांना त्या ६४ जणींची आठवण होते.

आतां संग्राहकांस दोन शब्द. या दप्तरांतील रोग्यांचीं नांवें बाहेर येऊं नयेत, व तीं मागूंहि नयेत. तीं ज्यांचीं आहेत त्यांच्या नातवंडांच्या काळापर्यंत तरी तीं बंद राहणें इष्ट आहे. परंतु दप्तराभोंवतालचे कागद बंद नाहींत आणि सुरक्षितहि नाहींत. सभांतून वांटलेलीं पत्रकें, चिन्हें दाखविणारे रंगीत तक्ते, ग्रामपंचायतींच्या ठरावांतील कार्यकर्त्यांच्या भेटींचे उल्लेख, गावांच्या याद्या करतांना एकाच नांवाचीं दोन गांवें ओळखण्यासाठीं घातलेल्या खुणा, गाडीभाड्याच्या पावत्या, हें सर्व भूम, परांडा, कळंब, तुळजापूर, उमरगें येथील घरांतून व कचेऱ्यांतून अद्याप पडलेलें असण्याचा संभव पुष्कळ आहे. निजामी अमदानीचे जन्ममृत्यूचे उर्दू कागद आणि हे तक्ते एकाच कपाटांत सांपडल्यास ते वेगळे करूं नयेत. कोणता कागद कोणत्या गांवच्या कोणत्या कपाटांत सांपडला, हें त्याच दिवशीं पाठीवर पेन्सिलीनें लिहून ठेवावें.